दोन वाजून चोवीस

त्या संध्याकाळी बर्फ इतका पडत होता
की कारखान्याच्या खुंटीवरून मी चुकून फाब्रिसचा कोट उचलला.
दोघांचेही राखाडी, दोघांचेही कोपरापाशी झिजलेले.
बसला वेळ होता. हात गारठले म्हणून खिशात घातले
आणि उजव्या खिशात
त्याचा पगार लागला हाताला.

घडी घातलेला कागद. तीन हजार सहाशे फ्रँक.

याच पोराला मी शिकवलं होतं,
केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात कशी धरायची,
श्वास कधी सोडायचा, कधी नाही.
पहिल्या आठवड्यात त्याने एकोणीस मोडल्या.
एकोणीसच्या एकोणीस मी माझ्या नावावर घातल्या,
नवा आहे, बसेल हात, म्हणून.
बसला. छान बसला.
माझा कागद घरी बिस्किटांच्या डब्यात होता,
न बघताही पाठ:
दोन हजार आठशे ऐंशी.

सकाळी कोट झटकून खुंटीला लावला,
कागद त्याच घडीत,
आणि जिना चढून वर गेले.

मस्यू ग्राँजां वाईट माणूस नव्हते.
खुर्ची दिली. कॉफी घेणार का, विचारलं.
"त्याला उद्या संसार करायचाय, ओदेत."
मी म्हटलं, मी आज करतेय.
दोन पोरं, आई,
आणि बेर्नला निघून गेलेल्या नवऱ्याचं कर्ज.
ते माझ्या बोटांकडे बघून हसले, अगदी कौतुकानं:
"बायकांच्या बोटांत हे उपजतच असतं."

उपजत, म्हणून फुकट.
झऱ्याला कोण पगार देतं?

रात्री पावाच्या पिशवीवर हिशेब मांडला.
सात ते बारा, एक ते चार.
आमच्याकडे घड्याळ दिवसाला पाच सेकंद मागे पडलं
तर लाल चिठ्ठी लागून टेबलावर परत येतं.
मी रोज शहाण्णव मिनिटं मागे पडत होते,
बावीस वर्षं,
आणि तपासणीत पास होत होते.

मंगळवारी, दोन वाजून चोवीस मिनिटांनी,
युगेत, मार्लीज, पोर्तुगालहून आलेली ग्रासिंदा आणि मी,
चौघींनी चिमटे खाली ठेवले.
भिंगं कपाळावर सरकवली. हात मांडीवर.
घोषणा नाही, काही नाही. कुणाला येतच नव्हत्या.
खोली एवढी गप्प झाली
की आम्हीच जुळवलेली घड्याळं आम्हाला ऐकू आली
पहिल्यांदा.

शुक्रवारपर्यंत सतरा जणी.
जिस्लेन मात्र मान खाली घालून काम करत राहिली.
तिच्या डोक्यावर बँक होती.
आम्ही वर्षभर तिच्याशी बोललो नाही.
ते आमचं चुकलं.

फाब्रिसनेही चिमटा ठेवला, तिसऱ्या दिवशी.
आमच्यासाठी ठेवला,
की त्या शांततेत त्याचा हात कापायला लागला,
मला अजून ठरवता येत नाही.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
जाताना फक्त माझा कोट
खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला.

पुढे दोन हिवाळे गेले बैठकांत.
युनियनची एक बाई यायची, जाड चष्म्याची,
मस्यूंच्या प्रत्येक "पण"नंतर
ती कॅल्क्युलेटरचं एक बटण दाबायची.
पगार वाढला. एकदम नाही.
आधी बूट आले पोरांना, मग माझा दात,
आणि एका मार्चमध्ये बिस्किटांच्या डब्यात
खरोखरच बिस्किटं.

आता त्याच खिडकीशी माझी लेक बसते.
दिवे नवे आहेत, भिंग माझंच.
परवा तिनं शेजाऱ्याला सरळ विचारलं, तुला किती मिळतात?
त्यानं सरळ सांगितलं.
आमच्या वेळी हा प्रश्न
अंतर्वस्त्रांबद्दल विचारल्यासारखा होता.
घरी येऊन तिनं पिशवीवर मांडलं. पिशवी तीच, बेकरी तीच.
अकरा मिनिटं.

माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ
अकरा मिनिटं मागे आहे.
जावई आला की स्टूल ओढतो,
सेल बदलून देतो म्हणतो.
सेल ठीक आहे, बाळा.
खाली उतर.
सूप निवतंय.